धबधब्याला लावलेला नंबर

माहूर हे थंड हवेचं ठिकाण नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या भरवशावर कुणी स्वेटर घेऊन निघू नये. डोंगर आहेत, सागाचं जंगल आहे, रेणुकामातेचं देऊळ आहे, किल्ला आहे आणि सगळ्यांच्या वर दत्तशिखर आहे. हवाही भरपूर आहे, पण मृग तोंडावर आलेला आणि आदल्या साली पावसानं दगा दिलेला असला, तर ती हवा भट्टीच्या तोंडाशी उभं राहून घ्यावी तशी असते. मी ती नवी बायको आणि तीन वडीलधारी माणसं यांच्यासह घेतली. लग्नानंतरची सहल म्हणून.

आमचं लग्न झालं तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. मी उस्मानाबादच्या कचेरीत कारकून होतो, तो वाटणीत कपाटं-खुर्च्यांबरोबर लातूरला आलो. गाव तोऱ्यात होतं. आमच्या गल्लीतल्या न्हाव्यानंही दुकानावर ‘जिल्हा केशकर्तनालय’ अशी पाटी रंगवून घेतली होती. जिल्ह्याला हवं ते सगळं येत होतं, फक्त नळाला पाणी येत नव्हतं.

कचेरीत सगळे विचारत, “लग्नानंतर कुठं?” मी मान ताठ करून सांगे, “महाबळेश्वर.” हे घरी कळलं आणि सुगलाआत्यानं निकाल लावला. सुगलाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या घरात वडील बोलतात आणि आत्या ठरवते.

“आधी कुळदेवी, मग बाकीचं,” ती म्हणाली. “माहूर बी डोंगरावरच हाय की. म्हाबळेश्वर काय आभाळात हाय व्हय?”

म्हणून माहूर. आई-वडील घरीच राहिले, कारण आमच्या मागं टँकर आला तर भरायला माणूस नको का? त्यांच्या जागी आत्या आली. उदगीरहून मन्मथकाका आले आणि काका आले म्हणून काकू आल्या. अशी आमची पाचजणांची मधुचंद्राची मंडळी तयार झाली.

लातूर बसस्थानक

आमच्या सामानात दोन पिशव्या कपड्यांच्या, एक धपाट्यांची आणि शेंगाच्या चटणीची, आणि बाकी सगळी भांडी होती. एक घागर, दोन कळश्या, झाकणाचा एक मोठा डबा आणि काकांचा तांब्या. काका रोज गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत आणि पूजेला त्यांना उदगीरच्या घरच्या विहिरीचंच पाणी लागतं. तो तांब्या ते तान्ह्या लेकरासारखा मांडीवर घेऊन बसत. बाकीची भांडी रिकामी होती. “पानी दिसलं की भरायचं,” हा आत्याचा हुकूम होता. दुष्काळात राहून राहून आमच्या लोकांचं असं झालं आहे की देवाच्या आधी नळाला हात जोडतात.

स्थानकावर कुठल्याशा नळाला धार आहे असं कळलं आणि तिघंही घागर घेऊन तिकडं पळाली. लग्न होऊन चार दिवस झाले होते, आणि तेव्हा पहिल्यांदा मी आणि महानंदा एका बाकावर शेजारी बसलो. ती निलंग्याची, उदगीरला डी.एड. झालेली. यापलीकडं मला तिची फारशी माहिती नव्हती. ती इकडं तिकडं बघून म्हणाली,

“एक विचारायचं होतं. किनवटच्या निवासी शाळेत मला नोकरी मिळाली हाय. जंगलातल्या खेड्यांतली लेकरं राहून शिकतात तिथं. माझे मामा किनवटलाच रेल्वेत हायत, त्यांनी कळवलं. येत्या सोमवारी हजर झाले न्हाई तर जागा दुसऱ्याला जाईल. आपण माहूरला चाललोय, तिथनं किनवट जवळ हाय.”

मी म्हणालो, “पण मी तर लातूरला...”

“आत्ता सांगू नका. जाऊ का नको, एवढंच मला पाहिजे. पण घाईत नको आणि इकडं तिकडं बघून नको. माझ्याकडं बघून सांगा.”

तेवढ्यात आत्या भरलेली घागर घेऊन आली आणि आमच्या दोघांच्या मधे ठेवली.

खरं सांगायचं तर मला ते नको होतं. मी साहेबाच्या विनवण्या करून वाटणीत लातूर पदरात पाडून घेतलं, ते काय बायकोला किनवटच्या जंगलात ठेवायला? संध्याकाळी कचेरीतून घरी यावं, कुणीतरी आपली वाट बघत असावं, एवढंच मागणं होतं. मला सरळ ‘नको’ म्हणायचं होतं. पण ते तिच्याकडं बघून म्हणायचं तर आधी तिच्याकडं बघायला मिळायला हवं होतं, आणि पुढचे तीन दिवस नेमकं तेवढंच मिळालं नाही.

नांदेडवरून पुढं

प्रवासाचं फार सांगत नाही. बायका बायकांत बसल्या आणि मला काकांच्या शेजारी जागा मिळाली. खिडकी अर्थातच काकांची. नांदेडला गाडी बदलताना गोदावरी दिसली, डोहाडोहांनी का होईना पण पाण्याची, आणि काका हळहळले. विष्णुपुरीला धरणाचं काम चालू आहे असं एका प्रवाशानं सांगितल्यावर तर त्यांचा चेहराच उतरला.

“यांच्याकडं नदी बी हाय, धरन बी होऊन राहिलंय,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, “पन जिल्हा जुना हाय यांचा. आपला नवा हाय.”

यात समाधानासारखं काय होतं ते मला कळलं नाही. पण पुढच्या खानावळीत आधी भात वाढला, भाकरी मिळणार नाही म्हणाले, तेव्हाही काका वाढप्याला तेच बोलले. “आमच्या जिल्ह्यात असं न्हाई.” वाढप्यानं कुठला जिल्हा म्हणून विचारलं आणि लातूर जिल्हा झालेलं त्याला माहीतच नाही असं निघालं. काका त्यानंतर जेवले नाहीत. त्यांचा भात मी खाल्ला, आणि चांगला होता.

हदगाव मागं पडल्यावर डोंगर सुरू झाले. पानं झडलेला साग, मधेच पळसाची एखादी हिरवी फांदी, तापलेले काळे दगड. पावसाळ्यात हे सगळं फार देखणं दिसतं असं तिथले लोक सांगतात. तिथले लोक सगळं पावसाळ्यातच सांगतात.

माहूर

गाव लहानसं आहे. स्थानक, त्याच्याभोवती प्रसादाची आणि बांगड्यांची दुकानं, चहाच्या टपऱ्या, आणि चारी बाजूंनी डोंगर. एकावर देवी, एकावर दत्त, एकावर किल्ल्याची पडकी भिंत. आम्ही धर्मशाळेत उतरलो. व्यवस्थापकाला मी हळू आवाजात वेगळी खोली मागितली. त्यानं माझ्याकडं बघितलं, महानंदाच्या हातातला हिरवा चुडा बघितला आणि त्याला दया आली असावी. “एक खोली हाय,” तो म्हणाला.

“कशाला?” आत्या मागून म्हणाली. “मोठं दालन हाय की. समदे एका जागी, मोकळी हवा. फिजूल खोली कशापायी?”

मग दालनात एका भिंतीला बायका आणि एका भिंतीला पुरुष. मधे भांडी.

दुसऱ्या दिवशी काकांची पूजा होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. रेणुकेच्या पायऱ्या चढायला लागलो तर रांग खालपर्यंत आलेली. मला वाटलं, चला, रांगेत तरी महानंदाच्या शेजारी उभं राहता येईल. पण आत्यानं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिनं रिकामी घागर रांगेत ठेवली, तिच्यामागं दोन्ही कळश्या आणि डबा ठेवला, आणि आम्हाला म्हणाली, “चला, सावलीला बसू. नंबर लागला.”

लातुरात नळाला असंच असतं. माणूस उभं राहत नाही, भांडं उभं राहतं. घागर हलली की माणूस उठतो, आणि दुसऱ्याच्या घागरीला हात लावायची कुणाची छाती नसते. आत्याला वाटलं, जगात सगळीकडं हाच कायदा आहे. आम्ही लिंबाच्या सावलीला बसलो, काकूंनी धपाटे सोडले. वर येऊन बघतो तर रांग केव्हाच पुढं सरकलेली आणि आमची भांडी पायरीच्या कडेला ओळीनं मांडून ठेवलेली.

“आमचा नंबर हाय इथं!” आत्या गरजली.

नांदेडकडची एक बाई रांगेतून म्हणाली, “मावशी, देवी काय घागरीला दर्शन देती का?”

सगळी रांग हसली. मला पायरीखाली गडप व्हावंसं वाटलं. आत्या मात्र कमरेवर हात ठेवून तिथल्या लोकांना रीतभात शिकवत राहिली, आणि आम्ही पुन्हा शेवटी जाऊन उभे राहिलो. तेही बायका वेगळ्या रांगेत, पुरुष वेगळ्या रांगेत. दर्शन मात्र चांगलं झालं. देवीचा विडा दगडी खलात कुटून त्याचा तांबूल प्रसाद म्हणून देतात. तो तोंडात टाकला आणि दिवसभराचा वैताग तेवढ्यापुरता उतरला. पानाची तशी चव मी दुसरीकडं कुठं चाखली नाही.

संध्याकाळी दत्तशिखरावर गेलो. तिथून मात्र देखावा खरोखर बघण्यासारखा आहे. डोंगरामागं डोंगर, वारा, आणि सूर्य खाली उतरत चाललेला. महानंदा कठड्यापाशी एकटी उभी होती. आत्या आणि काकू देवळात होत्या. मी पटकन तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “हे बघ, तू जे विचारलंस...”

“आपला जिल्हा तिकडं!” काकांनी आम्हा दोघांच्या मधून हात पुढं काढला. “त्या डोंगराच्या बी पल्याड. हितनं दिसत न्हाई.”

मग त्यांनी उदगीर कुठं, जळकोट कुठं, निलंगा कुठं हे न दिसणारं सगळं दाखवलं. महानंदा हसू दाबत होती, मी दात दाबत होतो. शनिवार असा गेला.

वझऱ्याचा धबधबा

माहूरपासून थोड्या अंतरावर वझरा नावाच्या गावाजवळ एक धबधबा आहे. सकाळी आम्ही जीप केली. वाटेत जीपवाल्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, “साहेब, आत्ता काय न्हाई तिथं. पावसाळ्यात या.” मी म्हणालो, चल तू. रविवार उजाडला होता. दुसऱ्या दिवशी महानंदाला किनवटला हजर व्हायचं होतं किंवा व्हायचं नव्हतं, आणि ते ठरवायला माझ्याकडं हा एकच दिवस उरला होता. धबधब्यापाशी मोठमोठे दगड असतील, झाडी असेल, आडोसा असेल, असा माझा हिशेब होता.

झाडी होती. दगडही होते. आणि उंच काळ्या कड्यावरून पाण्याची मनगटाएवढी धार खाली पडत होती. ते बघून मला हसू आलं आणि रडूही आलं. पण आत्या थांबली, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि अगदी हळू म्हणाली, “अगं बाई, चालू हाय.”

पुढं काय झालं हे माझ्या डोळ्यांदेखत झालं, तरी मला खरं वाटत नाही. आत्यानं घागर धारेखाली लावली. आमच्याआधी उस्मानाबादकडची दोन कुटुंबं सहलीला आलेली होती. तीही माणसं आमच्यासारखीच कोरड्या गावची. त्यांनी ते बघितलं आणि मुकाट्यानं आपल्या जीपमधून कॅन काढले. बीडकडचे कुणी आले, त्यांनी बादली काढली. बघता बघता धबधब्याला नंबर लागला. निसर्ग बघायला आलेली माणसं कड्याकडं पाठ करून भांड्यांवर डोळा ठेवून उभी राहिली.

आणि भांडण लागलं. उस्मानाबादचे म्हणाले, आम्ही आधी आलो. काका म्हणाले, “आता आमचा तुमचा जिल्हा येगळा हाय, दमदाटी करू नका.” बादलीवाला म्हणाला, तुमच्या घरून एक घागर आणि तीन भांडी, एका घरचं एकच भांडं भरा. आत्यानं त्याच्या सात पिढ्या काढल्या. मी मधे पडलो तर तिघांनी मला गप्प बसवलं, त्यातली एक आमची आत्या होती. मी एका दगडावर जाऊन बसलो. मला वाटलं, एका सहलीत माणसाला किती वैताग यावा याला काही माप असतं की नाही?

तेव्हा महानंदाचा आवाज आला. मोठा, खणखणीत, आणि चिडका अजिबात नसलेला.

“आधी लहान भांडी!”

सगळे तिच्याकडं वळले. ती पदर खोचून मधे उभी होती. “तांब्या, कळश्या पुढं. त्या पटकन भरतात, लेकरांना प्यायला होईल. मोठी भांडी मागं. एका घरचं एक भरलं की दुसऱ्या घरचं. आत्याबाई, तुमची घागर उचलते मी, तुम्ही बसा. दादा, तुमची बादली तिथं. हां. ढकलाढकली करायची न्हाई.”

आणि माणसं रांगेत आली. बादलीवाला आला, उस्मानाबादकर आले, मन्मथकाका मान खाली घालून आले. जिच्या घागरीला हात लावायची कुणाची छाती नसते, ती आमची आत्या बाजूला जाऊन बसली. ती पोर कुणावर ओरडत नव्हती आणि कुणाला घाबरतही नव्हती. भांडी सरकत होती, एक म्हातारी तिला आशीर्वाद देत होती, आणि तिचा चेहरा असा काही खुलला होता की तो मी मांडवात बघितला नव्हता. त्या दगडावर बसून मी तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. मला बरं वाटलं नाही, खरं तर वाईटच वाटलं. हिला घरी ठेवली तर ही रोज नळावर असाच नंबर लावेल, चांगला लावेल, आणि बाकी काही करणार नाही, हे मला लख्ख दिसलं.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण आमची भांडी भरली, आणि भरलेली भांडी जीपमधे न सांडता न्यायची म्हणून प्रत्येकाच्या मांडीवर एकेक आलं. बोलायला मान वळवली की पाणी हिंदकळे आणि आत्या ओरडे.

माहूर बसस्थानक

दुपारी परतीसाठी स्थानकावर आलो. नांदेडची गाडी लागायला अवकाश होता. किनवटची गाडी मात्र फलाटाला लागलेली, चालक बिडी ओढत बाजूला उभा. महानंदानं त्या गाडीची पाटी वाचली आणि मग जमिनीकडं बघत बसली. तिनं तीन दिवसांत एकदाही तगादा लावला नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

चालकानं बिडी टाकली. कंडक्टरनं दोरी ओढली. आजूबाजूला आत्या होती, काका होते, काकू होत्या, दीडशे माणसं होती आणि पेरू विकणारी एक बाई माझ्या बाहीला धरून उभी होती. मी उठलो, महानंदाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो आणि तिच्याकडं बघून ओरडलो. हो, ओरडलोच, कारण गाडीचं इंजिन सुरू झालं होतं.

“जा! किनवटला जा! उद्या हजर हो!”

मग आत्या म्हणाली, “कुनाला जा म्हनतो रे शिवा?”

मी सगळं सांगून टाकलं. नोकरी, शाळा, मामा, सोमवार. काका म्हणाले, “आपल्या जिल्ह्यात शाळा न्हाईत व्हय?” काकूंनी कपाळाला हात लावला. अंगावरची हळद निघाली नाही आणि पोरगी नोकरीला चालली, लोक काय म्हणतील, हे सगळं त्यांनी त्या एका हातात सांगितलं. आत्या मात्र महानंदाकडं बघत होती.

“नंदे, तिथं पानी हाय का?” तिनं विचारलं.

“हाय, आत्याबाई. शाळेच्या आवारातच हीर हाय. मामा म्हनले, उन्हाळ्यात बी आटत न्हाई.”

आत्या आपल्या घागरीकडं वळली. मग म्हणाली, “मग जा. घरी येऊन तरी काय करनार? पहाटं उठून घागर घेऊन उभी ऱ्हानार. माझी हयात गेली त्यात.” आणि माझ्याकडं वळून, “बघतो काय ठोंब्यासारखा? पिशवी दे तिची!”

गाडी फलाटावरून मागं सरकत होती; मी पिशवी घेऊन गाडीमागं पळालो, महानंदा माझ्यामागं. कंडक्टरनं शिव्या देत दार उघडलं. महानंदा चढली, खिडकीशी बसली, आणि गाडी वळेपर्यंत माझ्याकडं बघत राहिली. मी हात हलवला की नाही ते आठवत नाही. परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तर काकांनी तिथं डबा ठेवला.

लातुरात सोमवारी कचेरीत सगळ्यांनी घेरलं. कसं होतं थंड हवेचं ठिकाण? वहिनी कशा आहेत? मी म्हणालो, चांगल्या आहेत, तिथंच आहेत. लोक लग्नानंतर डोंगरावर दोघं जातात आणि दोघं परत येतात. मी एकटा परत आलो, आणि त्यावर कचेरीत जे काय विनोद झाले ते लिहिण्यासारखे नाहीत.

किनवट

पंधरवड्यानं एका शनिवारी मी किनवटला गेलो. शाळा गावाबाहेर, सागाच्या झाडीत. तिला आवारातच एक खोली मिळाली होती. मी आल्याची बातमी वसतिगृहात पोचली आणि खिडकीत पोरींची तोंडं उगवली. महानंदानं नुसतं तिकडं बघितलं, तशी ती सगळी नाहीशी झाली. तिनं दार लोटलं आणि माझ्या समोर येऊन बसली.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो. बोलायला माझ्याकडंही बरंच साठलं होतं. बोलली तीच. कोणती पोर घरच्या आठवणीनं जेवत नव्हती, कोणत्या पोरीला मराठी येत नाही आणि तिच्याशी ती खुणांनी कशी बोलते, फळा किती खराब आहे. चहा गार झाला, तरी ती बोलतच होती. मग मधेच थांबून तिनं माझ्याकडं बघितलं.

“त्या दिवशी माहूरच्या स्थानकावर लई राग आला व्हता ना तुम्हाला?”

“हो,” मी म्हणालो.

“आणि आता?”

“अजून आहे.”

ती हसली आणि म्हणाली, “मग पुढच्या शनिवारी बी या.”